स्वयंचलित गिअरच्या मोटारीतील सेन्सर : दोष घरी कसा ओळखावा व केव्हा बदलावा

क्लचवर पाय ठेवून ज्याने जन्म काढला, त्या शेतकऱ्याचा डावा गुडघा उतारवयात कुरकुरू लागतो, हा आपल्यापैकी पुष्कळांचा अनुभव आहे. आमच्या थोरल्या बंधूंनी तीस वर्षे स्वतः ट्रॅक्टर चालविला. शेवटी गुडघा इतका दुखावला की, क्लचची गाडी चालविण्यास डॉक्टरांनी साफ मनाई केली. सबब मोसंबीचा एक बरा बहार हाती आला त्या साली त्यांनी स्वयंचलित गिअरची एक वापरलेली मोटार घेतली. पैठणच्या बाजारास जाणे, मळ्यावर फेरी मारणे आणि महिन्यातून एकदा औषधपाण्याकरिता छत्रपती संभाजीनगर गाठणे, हा त्यांचा क्रम कोणाच्या मिनतवारीवाचून सुरू झाला. दोन वर्षे गाडी उत्तम चालली. तिसऱ्या पावसाळ्यात मात्र तिने एक विचित्र खोड दाखविली.

सकाळी पैठणहून निघावे तो गाडी अगदी ठीक. ढोरकीन मागे पडून बिडकीन जवळ आले की एक जोराचा धक्का बसे, समोरचा पिवळा दिवा लागे आणि गाडी एकाच गिअरवर अडून राही. वेग वाढता वाढेना, चढावर इंजिन नुसते ओरडे. गाडी बंद करून पाऊण तास झाडाखाली थांबले की सारे पूर्ववत्. शहरातील एका गॅरेजात दाखविली असता, संपूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल व खर्च दीड लाखाच्या घरात जाईल, असे उत्तर मिळाले. दादा घरी येऊन म्हणाले, "अरे, एवढ्यात मळ्याला नवे ठिबक होते. विकून टाकू ही गाडी." गाडी विकणे म्हणजे दादांनी घरी बसणे, हे त्यांस व आम्हांस दोघांसही कळत होते. म्हणून आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. ह्या आठ दिवसांत जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण अशा गाड्या आता आपल्या तालुक्यातील वाड्यावस्त्यांवरही दिसू लागल्या आहेत.

स्वयंचलित गिअर ही काही कालची वस्तू नव्हे. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९३९ साली 'हायड्रामॅटिक' नावाचा पूर्णपणे स्वयंचलित गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबाईल गाड्यांकरिता पुढे आणला. त्या काळी गिअर केव्हा बदलावयाचा हा निर्णय केवळ तेलाचा दाब, गोळे व स्प्रिंगा ह्यांच्या साह्याने होत असे. पुढे हे काम विजेच्या झडपा व एक छोटा संगणक यांजकडे आले. आपल्या देशात मात्र ही सोय बराच काळ महाग गाड्यांपुरतीच राहिली. २०१४ साली मारुतीने सेलेरिओ ह्या लहान गाडीत स्वस्त जातीचा स्वयंचलित गिअर दिला, तेव्हापासून ती सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली.

हा संगणक आंधळा असतो. तो गिअरबॉक्सच्या आत डोकावून पाहू शकत नाही. त्यास जे कळते ते सेन्सरकडून आलेल्या खबरीवरूनच. आपल्याला हे समजण्यास दूर जावयास नको. नाथसागराच्या भिंतीतील सत्तावीस दरवाजे किती उचलावयाचे, हे धरणातील पातळी व वरून येणारी आवक ह्यांच्या खबरीवरून ठरते. दरवाजे शाबूत, माणसे हुशार, पण पातळीचीच खबर चुकली तर हुकूम चुकावयाचाच. पुष्कळ गिअरबॉक्स अशाच चुकलेल्या खबरीपायी निकामी ठरविले जातात.

मुख्य खबरे चार. पहिला, गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्याचा वेग मोजणारा. दुसरा, बाहेर पडणाऱ्या दांड्याचा वेग मोजणारा. तिसरा, दांडी पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल किंवा ड्राइव्ह यांपैकी कोठे आहे हे सांगणारा. आणि चौथा, आतील तेलाची उष्णता सांगणारा. पहिल्या दोहोंच्या आकड्यांचा भागाकार म्हणजे चालू गिअर. समजा, एखाद्या गिअरचे प्रमाण दीडास एक आहे. तर आतला दांडा मिनिटास ३००० फेरे फिरत असता बाहेरचा २००० फिरावयास हवा. तो हिशेब जुळेना की संगणक समजतो, आतील क्लच घसरत आहे. आणि दोहोंपैकी एकाची खबर अजिबातच येईनाशी झाली, तर तो फार डोके न लढविता एक मधला गिअर पकडून बसतो. गाडी बिघडू नये, पण मालक घरी पोहोचावा, एवढाच त्यात हेतू. दादांची गाडी बिडकीनपाशी अडे ती ह्यामुळे.

येथे एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. 'ऑटोमॅटिक' ह्या एका नावाखाली निदान चार निरनिराळ्या जाती विकल्या जातात. जिच्यात तेलाचे टॉर्क कन्व्हर्टर असते, त्या जातीत वेगाचे सेन्सर बहुधा गिअरबॉक्सच्या बाहेरील अंगास एका बोल्टने बसविलेले असतात. पण कित्येक नवीन गाड्यांत तेही आत, तेलात असतात. पट्ट्यावर चालणारी सी.व्ही.टी. ही दुसरी जात. तिचेही सेन्सर पुष्कळदा बाहेरून निघतात, परंतु तिचे तेल अगदी स्वतंत्र असते व दुसरे चालत नाही. तिसरी ए.एम.टी.; हिच्यात गिअरबॉक्स नेहमीचाच, फक्त क्लच दाबणारे व दांडी हलविणारे यंत्र वर बसविलेले. ह्या यंत्रातील भाग बदलल्यास गाडीस सारे नव्याने 'शिकवावे' लागते व त्यास कंपनीच्या प्रतीचा स्कॅनर लागतो. चौथी दोन क्लचांची जात. तिच्यातील सेन्सर बहुतेक एका बंद पेटीतच असतात. ह्या शेवटच्या दोहोंस घरी हात लावू नये. दोष ओळखण्यास हरकत नाही. दुरुस्ती जाणकाराकडूनच करवावी. गाडी अद्याप हमीच्या मुदतीत असेल तर कोणत्याही जातीस हात लावू नये, हे सांगणे नलगे.

आता तपासणीकडे वळू. हत्यारे फार लागत नाहीत. एक चांगला मल्टिमीटर, जो मोटारपंप असलेल्या बहुतेक घरी असतोच. आणि एक स्कॅनर. चालकाच्या गुडघ्यापाशी, डॅशबोर्डाखाली सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. अमेरिकेत तो १९९६ पासून सक्तीचा झाला व आज आपल्याकडील बहुतेक गाड्यांतही असतो. त्यात खोचावयाचा लहानसा स्कॅनर मोबाईल फोनवर दोषांचे क्रमांक दाखवितो. अगदी स्वस्त मिळणारे पुष्कळसे स्कॅनर फक्त इंजिनाचे दोष वाचतात, गिअरबॉक्सचे नाही. तेव्हा घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

पी ०७०५ हा दांडीची जागा सांगणाऱ्या सेन्सरचा क्रमांक. पी ०७१० तेलाच्या उष्णतेचा. पी ०७१५ आतल्या दांड्याच्या वेगाचा. पी ०७२० बाहेरच्या दांड्याच्या वेगाचा. पी ०७०० चा अर्थ एवढाच की, गिअरबॉक्सच्या संगणकास काही तक्रार आहे, ती त्याजकडे विचारा. परंतु एक गोष्ट ठसविल्यावाचून पुढे जाववत नाही. हे क्रमांक सेन्सर वाईट आहे असे सांगत नाहीत; त्या सेन्सरच्या वाटेवर, म्हणजे सेन्सर, कपलर, तार व संगणक ह्यांपैकी कोठे तरी बिघाड आहे, एवढेच सांगतात. क्रमांक पाहून लगेच सेन्सर मागविणारा मनुष्य आणि क्रमांक पाहून गिअरबॉक्स उतरविण्यास सांगणारा कारागीर, दोघेही एकच चूक करतात. फक्त एकाची चूक स्वस्त पडते.

क्रमांकापूर्वीही बॅटरी पाहावी. इंजिन रात्रभर बंद असता चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते, १२.४ च्या खाली असल्यास ती दुबळी समजावी. इंजिन चालू असता आकडा साधारण १३.८ ते १४.४ असावा. दुबळ्या बॅटरीमुळे हे संगणक वाटेल त्या तक्रारी लिहून ठेवतात, आणि मालक गिअरबॉक्सच्या नावाने कपाळ बडवितो. त्यानंतर गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या रीतीनेच. कित्येक गाड्यांत तेल मोजण्याची काडीच नसते. इंजिन चालू ठेवून, तेल ठराविक उष्णतेवर आले असता, खालील बूच उघडून पाहावे लागते. तेल कमी असल्यास ते गेले कोठे, हा शोध आधी. आणि ते काळे पडून जळका वास येत असेल, तर सेन्सरचा नाद सोडावा; दोष आतला आहे.

आमच्या येथे हे काम दादांच्या धाकट्या मुलाने हाती घेतले. त्याने आय.टी.आय.त विजेचे काम शिकलेले आहे व तो वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. (१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना निघाल्यापासून आपल्याकडील अनेक घरांत एक तरी असा मुलगा निपजला आहे, शेतकरी बाप मात्र त्याच्या विद्येचा उपयोग घरी करून घेत नाहीत.) बॅटरी व तेल दोन्ही ठीक निघाली. स्कॅनरवर क्रमांक आला पी ०७१५. आतल्या दांड्याचा सेन्सर ह्या गाडीत बॅटरीच्या खालच्या बाजूस, वरून हात पोहोचेल असा आहे. कपलर सोडवून पाहतो तो आत हिरवट बुरशीसारखा गंज! दोन्ही पिना माखलेल्या. पाणी आत कसे गेले ह्याचाही उलगडा लागलीच झाला. मोसंबीच्या फवारणीचा जो एच.टी.पी. पंप असतो, त्याच्याच नळीने ह्या चिरंजीवांनी पावसाळ्यात चिखल धुण्यासाठी बॉनेटखाली फवारा मारला होता. जो दाब झाडाच्या शेंड्यापर्यंत औषध पोहोचवितो, त्यापुढे कपलरच्या रबराचा काय पाड?

कपलर साफ केला, सुकविला, पिनांस विजेच्या जोडांकरिता मिळणारे ग्रीस अगदी थोडे लावले, क्रमांक पुसला, आणि आम्ही सर्वांनी चहा घेतला. दोन दिवस गाडी सुरेख चालली. तिसऱ्या दिवशी बिडकीनपाशी तोच धक्का, तोच दिवा.

येथे आमची चूक कबूल केली पाहिजे. दोष नेहमी गाडी तापल्यावर येतो हे दादांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. पण गंज दिसताच आम्ही ते विसरलो. गंज खराच होता, पण तो एकटा नव्हता. तापल्यावर येणारा दोष तापलेल्या स्थितीतच मोजला पाहिजे. गॅरेजातही हेच झाले असावे. गाडी तेथे पोहोचून तिचा क्रमांक लागेपर्यंत निवत असेल. थंड गाडीत काही सापडत नाही, आणि मग अंदाजाने सर्वात मोठा भाग सांगितला जातो. त्यांस सर्वस्वी दोष देता येणार नाही. बिडकीनपर्यंत चालवून पाहण्यास त्यांस वेळ कोठला?

ह्या जातीच्या सेन्सरला दोन तारा असतात. आत एक लोहचुंबक व त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. समोरून दातेरी चाक फिरले की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते व दात जितके भरभर जातील तितके ठोके संगणकास मिळतात. इंजिन बंद करून, कपलर सोडवून, मीटर ओहमवर लावून दोन्ही पिनांमध्ये मोजावे. असे सेन्सर बहुधा काही शे ओहमपासून दोनेक हजार ओहमपर्यंत असतात. नेमका आकडा त्या गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकातून घ्यावा. घरी थंड असता आमच्या सेन्सरने ५६० ओहम दाखविले. तांब्याच्या तारेचा रोध दर अंश उष्णतेस शेकडा सुमारे ०.४ वाढतो. म्हणजे ३० अंशांवर ५६० असेल, तर ८० अंशांवर साधारण ६७० भरावयास हवा.

दुसऱ्या दिवशी दादांस मुद्दाम गाडी चालविण्यास लावून पुतण्या व आम्ही मीटर घेऊन बसलो. बिडकीनच्या अलीकडे धक्का बसला. गाडी रस्त्याच्या कडेस सुरक्षित उभी करून, इंजिन बंद केले व हातमोजे घालून लागलीच मोजले. मीटरवर ६७० नव्हते, काहीच नव्हते. वाट पूर्ण तुटलेली. चाळीस मिनिटांनी, बॉनेट उघडे ठेवून गाडी निवल्यावर, पुन्हा ५७० च्या आसपास आकडा दिसू लागला. वेटोळ्यातील तार आत कोठे तरी तुटलेली होती. थंडीत टोके एकमेकांस टेकत, तापल्यावर दूर सरत. दीड लाखाच्या रोगाचे निदान रस्त्याच्या कडेला, एका मीटरने झाले.

सर्वच सेन्सर असे दोन तारांचे नसतात. तीन तारांचा असेल तर त्याच्या पोटात इलेक्ट्रॉनिक भाग असतो. त्याचा ओहम मोजण्याच्या भरीस पडू नये, त्यापासून काही कळत नाही. तेथे चावी चालू ठेवून, येणाऱ्या तारेत गाडीप्रमाणे ५, ८ किंवा १२ व्होल्ट पोहोचतात की नाही व जमिनीची तार शाबूत आहे की नाही, हे पाहावे. दोन्ही ठीक असून खबरीच्या तारेवर आकडा खालीवर होत नसेल, तर सेन्सर संशयित. उष्णतेचा सेन्सर तापू लागला की त्याचा रोध उतरत जावा. उतरण्यात मध्येच उडी दिसली तर तो वाईट. दांडीच्या जागेच्या सेन्सरची खूण त्याहून सोपी : पार्कमध्ये गाडी सुरू होत नाही पण न्यूट्रलमध्ये होते, किंवा रिव्हर्स टाकूनही मागचा पांढरा दिवा लागत नाही. तो पुष्कळदा बिघडलेला नसून जागचा सरकलेला असतो. न्यूट्रलच्या खुणेशी जुळवून पुन्हा आवळल्याने काम भागते.

बदलण्याचे काम आमच्या गाडीत अर्ध्या तासाचे होते. नवीन सेन्सर गाडीच्या नावावरून न मागता, जुन्यावर कोरलेल्या क्रमांकावरून मागवावा. एकाच नावाच्या गाडीत सालागणिक निराळे सेन्सर असतात. तो यावयास आठवडा लागला. गिअरबॉक्स पूर्ण थंड असता, सपाट जागी, हँडब्रेक लावून व चाकांस दोन्हीकडून ठोकळे देऊन, प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. ज्या गाडीत खालून शिरावे लागते तेथे जॅकवर भरवसा ठेवून कधीही खाली जाऊ नये. योग्य वजनाचे लोखंडी स्टँड लावावेत. विटा व दगड ह्यांच्या टेकूवर गाडी उचलण्याची आपल्याकडे जी रीत आहे, ती माणूस मारणारी आहे. वीट सूचना देऊन फुटत नाही.

सेन्सरभोवतालची काळी माती ब्रशाने व कोरड्या फडक्याने अगोदर काढावी. सेन्सर निघताच ती भोकातून आत पडली तर खरोखरीच गिअरबॉक्स बदलण्याची पाळी येईल. बोल्ट काढल्यावर सेन्सर किंचित डावीउजवीकडे फिरवून सरळ ओढावा. पेचकसाने उचकटू नये. टोकास चिकटलेला कीस पाहावा. करडा, मऊ, काजळासारखा लेप असल्यास चिंता नाही. चमकणाऱ्या कपच्या असतील तर आतील दात झिजत आहेत, आणि आपण तपासलेला सेन्सर ह्या रोगाचे मूळ नव्हे. तेल सांडल्यास ते भांड्यात धरून मोजावे व तितकेच, त्याच जातीचे भरावे. नवीन रबरी रिंगेस तेच तेल लावून सेन्सर हाताच्या दाबाने बसवावा. बोल्ट लहान आणि गिअरबॉक्स ॲल्युमिनियमचा. नांगराचे नट आवळणारा हात येथे लावला तर आटे निघालेच म्हणून समजा. पुस्तकात दिलेल्या मापाइतकाच आवळावा. कपलर 'टक्' असा आवाज होईपर्यंत लावावा, क्रमांक पुसावा आणि गाडी ज्या वाटेवर बिघडत असे त्याच वाटेवर, तितकाच वेळ चालवून पुन्हा स्कॅनर लावावा.

आम्ही बिडकीन ओलांडून चितेगावपर्यंत गेलो व परत आलो. दिवा लागला नाही. सर्व मिळून खर्च तीन हजारांच्या आत आला. त्यात स्कॅनरही आला. त्या गोष्टीस आता वर्ष होत आले. दादा पुन्हा एकटे संभाजीनगरास जातात आणि गाडी बादली व फडक्यानेच धुतली जाते. एच.टी.पी. पंप त्यांनी कुलपात ठेवला आहे. नवा उपद्रव तेवढा उंदरांचा उरला : ज्या शेडमध्ये धान्याची पोती, त्याच शेडमध्ये गाडी, त्यामुळे परवाच एका तारेचे कातडे कुरतडलेले दिसले. पोती हलविली आहेत, आणि पुतण्या दर रविवारी विजेरी घेऊन बॉनेटखाली पाहतो.